पागोळीचे पाणी आणि घरातला समुद्र

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवायची म्हटले की दुकानदाराचा पहिला प्रश्न फिल्टरचा असतो. कुठला घेणार, किती लिटरचा, आत बसणारा की बाहेर टांगायचा? मुंबईतल्या दुकानात हा प्रश्न रास्त आहे. माथेरानच्या डोंगराखाली किंवा बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरमधल्या एखाद्या ठाकुरवाडीत टाकी मांडायची असेल, तर त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. पाणी कुठून येणार, वीज गेली तर काय होणार आणि मे महिन्यात टाकी किती तापणार. या तिन्हींची उत्तरे मिळाली की फिल्टरची निवड बरीचशी आपोआप होते. ती न मिळवता घेतलेला महागातला महाग फिल्टरही मासे वाचवत नाही.

माशांची ओळख या भागाला नवी नाही. पहिल्या पावसात ओढ्यांना चढणारे वळगणीचे मासे, शेतातल्या मुठ्या, डोहातला मरळ यांचे ठाकूर घरांतले ज्ञान कुठल्याही हौशी माणसाला लाजवील असे आहे. पण ते सगळे गोड्या पाण्यातले. समुद्री माशाला लागणारे पाणी इथे तयार करावे लागते, आणि गाळण्याचा विचार त्या तयारीपासूनच सुरू होतो.

समुद्रापासून दूर समुद्र सांभाळण्याची धडपड पावणेदोनशे वर्षांची आहे. लंडनमध्ये १८५०च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन आणि फिलिप गॉस यांनी काचेच्या टाक्यांत जीव जगवून पाहिले. १८५३ साली तिथल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी गॉसने साधे मीठ आणि इतर तीन क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृती सांगितली. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हा त्याची जागा समुद्राला लागून होती यात नवल नव्हते. मोठी सार्वजनिक मत्स्यालये किनाऱ्यावर बांधली जात, कारण बिघडलेले पाणी बदलायला समुद्र हाताशी लागे. घरगुती टाकीला ती सोय नसते. १९६४ साली अमेरिकेत ‘इन्स्टंट ओशन’ हे तयार क्षारमिश्रण बाजारात आले, साठच्याच दशकात जर्मनीत एर्विन झांडर यांनी फेसाने पाणी साफ करणारे यंत्र, म्हणजे प्रोटीन स्किमर, हौशी लोकांपर्यंत आणले, आणि जकार्तात ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवून गाळण्याच्या यंत्राविना पाणी स्वच्छ राहते हे दाखवले. आजची बहुतेक सगळी तंत्रे या तीन धाग्यांतून विणलेली आहेत.

रायगडला एवढा किनारा असताना पाणी तिथूनच का आणू नये? अलिबाग कर्जतपासून रस्त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटर. २०० लिटरची टाकी आणि तिच्याखालचा ६० लिटरचा संप, म्हणजे गाळणीची टाकी, भरायला वीस लिटरचे तेरा कॅन लागतात. एकदा जमेल, पण दर आठवड्याला काही पाणी बदलायचे असते. शिवाय जून ते ऑक्टोबर किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ आणि नद्यांच्या पुराने पातळ झालेले असते. जवळचे म्हणून धरमतर खाडीचे पाणी भरणे तर सरळ चूक. खालापूरची पाताळगंगा खोपोली आणि रसायनीच्या कारखान्यांजवळून वाहत याच खाडीला मिळते. पाणी आणायचेच असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये, मोकळ्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी भरावे आणि आठ-पंधरा दिवस अंधारात झाकून ठेवून, गाळ बसल्यावर वरचे घ्यावे.

दुसरी कल्पना पेण-उरणच्या मिठागरांवरून सुचते. तिथले खडे मीठ समुद्राचेच आहे, तर ते पाण्यात विरघळवले की समुद्र परत मिळायला हवा, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही, आणि याचे कारण मिठागरातल्या कामातच आहे. कोंड्यांतले पाणी आटत जाते तेव्हा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरते, आणि शेवटी राहिलेले कडवट पाणी सोडून दिले जाते. त्या कडवट पाण्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम निघून जातात. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम जवळजवळ १.३ ग्रॅम, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. आगरी कारागिराचे कौशल्य नेमके हे सगळे बाजूला काढून शुद्ध मीठ धरण्यात आहे. ते मीठ ताटासाठी उत्तम, टाकीसाठी अपुरे. बाजारातले सागरी क्षारमिश्रण घ्यावे हे बरे. २६० लिटरला सुमारे दहा किलो लागते, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास ठेवावे आणि ते रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. तरंगत्या काट्याच्या स्वस्त मापकांवर मी विसंबणार नाही.

आता हे मिश्रण ज्यात विरघळवायचे ते गोडे पाणी. माझ्या मते या संपूर्ण विषयातला इथला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि टाकी लावण्याच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात.

बोअरिंगचे पाणी डोंगराच्या काळ्या बेसॉल्टमधून येते. ते जड असते एवढेच नाही, दगड झिजताना त्यात सिलिकाही विरघळते. सिलिकेटवर डायटम वाढतात आणि काच, वाळू, दगड यांवर तपकिरी पापुद्रा धरतो. पाणी जमिनीखालच्या मैलाखड्ड्याजवळचे असेल तर नायट्रेटही येते, म्हणजे जे काढण्यासाठी सगळा खटाटोप, तेच आपण बादलीने आत ओततो. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, बहुधा शून्याच्या जवळ नसतो, कारण पिण्यासाठी त्यात मुद्दाम थोडे क्षार राखले किंवा परत मिसळले जातात. मत्स्यालयासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारे डीआय रेझिनचे नळकांडे जोडतात. सिलिका भरपूर असलेल्या पाण्यावर ते रेझिन लवकर संपते.

आणि आरओ पाणी वाया घालवतो. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर पडते. २०० लिटरच्या टाकीला आठवड्याला २५ लिटर बदलायला आणि रोज उडून जाणारे चार लिटर भरून काढायला मिळून पन्नास-पंचावन्न लिटर लागतात, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे लिटर मोरीत. शहरातल्या इमारतीत हा हिशेब कोणी करत नाही. ठाकुरवाडीत तो केलाच पाहिजे. घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून खाली सुटते म्हणून पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाला कालव्यावर उन्हाळी भात उभे राहते, पण चढावरच्या वाड्यांना त्याचा उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, बायका हंडे घेऊन लांब जातात, काही ठिकाणी टँकरची वाट पाहावी लागते. त्या वाडीत, किंवा तिच्या शेजारच्या फार्महाऊसमध्ये, माशांसाठी रोज वीस-पंचवीस लिटर पाणी गटारात सोडणे मला मान्य नाही. तांत्रिकदृष्ट्या ते कितीही योग्य असो.

मार्ग आहे, आणि तो आकाशातून पडतो. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस होतो. एका चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. टाकीची वर्षाची गरज जेमतेम तीन हजार लिटर. म्हणजे दोन चौरस मीटर छपराची पागोळी, सांडलवंड धरूनही, वर्षभर पुरते. पहिले चार-पाच मोठे पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत. मग धरलेल्या पाण्याचा टीडीएस सहसा इतका कमी भरतो की आरओची गरजच राहत नाही. पुढचे आठ कोरडे महिने काढायला हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या, झाकणबंद टाक्या लागतात. तोंडाशी दुहेरी फडके आणि मधे कार्बनचे एक नळकांडे असले की झाले.

एक खबरदारी मात्र कटाक्षाने घ्यावी. पन्हळ आणि छप्पर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असू नये. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते, ते जस्त सोडवते, आणि शंखशिंपले, कोळंबी, प्रवाळ यांना जस्त आणि तांबे अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. कौलांवरचे किंवा स्वच्छ प्लॅस्टिक कापडावर धरलेले पाणी चांगले. तांब्या-पितळेच्या हंड्यात हे पाणी साठवू नये, तोटीही प्लॅस्टिकची असावी.

येणाऱ्या पाण्यासारखाच जाणाऱ्या पाण्याचाही विचार हवा. आठवड्याला २५ लिटर खारे पाणी बदलले तर वर्षाला पंचेचाळीस किलोच्या आसपास क्षार अंगणात येतो. तो विहिरीजवळ किंवा भाताच्या खाचरात ओतणे म्हणजे शेजाऱ्याचे नुकसान. नारळ खारे पाणी सोसतो, पण एकाच बुंध्याशी सतत नको, झाडे बदलत राहावीत. उन्हाळ्यात उथळ ट्रेमध्ये ते आटवून कोरडा क्षार वेगळा काढणे सगळ्यांत सुरक्षित.

इथवर पाण्याची तयारी झाली. टाकीत प्रत्यक्ष गाळण्याचे काम करतात ते जीवाणू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून तोच तयार होतो. गोड्या पाण्यात सात पीएचला त्याचा शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. खाऱ्या टाकीत पीएच ८.२ आणि तापमान २८ अंश असते तेव्हा सुमारे आठ भाग विषारी असतात. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारा हलगर्जीपणा इथे खपत नाही. जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे दोन टप्पे सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास उलगडले. मत्स्यालयांतले खरे कामकरी कोण हे मात्र बऱ्याच उशिरा कळले. टिमोथी होव्हॅनेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की दुसरा टप्पा बहुतांशी नायट्रोस्पिरा हे जीवाणू पार पाडतात, पाठ्यपुस्तकांतले नायट्रोबॅक्टर नव्हे. २००५ साली अमोनिया खाणारा एक आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखाच पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव, पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळा काढला गेला, तो सिएटलच्या मत्स्यालयातल्या समुद्री टाकीतून. आपल्या पायाखालच्या वाळूत काय राहते हे विज्ञानाला एका मत्स्यालयाच्या टाकीने शिकवले, याचे मला फार अप्रूप वाटते.

या जीवांना दोन गोष्टी लागतात, बसायला जागा आणि ऑक्सिजन. एक ग्रॅम अमोनियाजन्य नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३० अंशांना समुद्रजलात लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यापेक्षा बराच कमी. पुढे वीज आणि उष्णतेचा प्रश्न येईल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवायचा आहे.

बसायला जागा म्हणून जगभर लाइव्ह रॉक, म्हणजे प्रवाळखडकाचे सच्छिद्र तुकडे, वापरले जातात. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे आणि तसाच राहावा. खडक उभारणारी सगळी प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, त्यांच्याबरोबर काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्याही. मालवणला १९८७ साली जाहीर झालेले सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले प्रवाळ एवढे थोडे आहे की टाकीसाठी त्याचा तुकडाही उचलू नये. दुकानात कोणी ‘लोकल रॉक’ म्हणून पांढरा भोकांचा दगड दाखवला तर तो मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असण्याचीच शक्यता अधिक. पावती नसेल तर घेऊ नये.

पर्याय घरी बनतो. पांढरे सिमेंट, धुतलेला शिंपल्यांचा चुरा आणि जाडे मीठ एकत्र मळून ओल्या वाळूच्या खड्ड्यात ओबडधोबड गोळे घालायचे. घट्ट झाल्यावर पाण्यात टाकले की मीठ विरघळून भोके उरतात. मिठागरातले मीठ इथे उत्तम कामाला येते. सिमेंटचा चुना सुटत असतो तोवर पाण्याचा पीएच फार वर जातो, म्हणून सहा ते आठ आठवडे पाणी बदलत दगड भिजवावे लागतात. घाई करणाऱ्यासाठी बाजारात सच्छिद्र सिरॅमिक मिळते, ते संपमध्ये ठेवावे.

दाराशी पडलेला बेसॉल्ट चालेल का? रचनेचा पाया म्हणून चालेल. गंजाचे डाग किंवा चमकत्या धातूच्या रेषा असलेला तुकडा टाकून द्यावा. पण जीवाणूंची वसाहत म्हणून त्याचा भरवसा धरू नये, कारण घट्ट काळ्या दगडाला भोकेच नसतात, आणि फुगीर दगडातली भोके बरीचशी बंद किंवा भरलेली असतात. ती कशाने भरलेली असतात हा या परिसराचा मोठा मान आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, त्याच्या खोदकामात अशाच भोकांतून निघालेल्या झिओलाइट स्फटिकांनी दख्खनच्या दगडाचे नाव जगभरच्या संग्रहालयांत नेले. झिओलाइट अमोनिया शोषतो म्हणून तो फिल्टरमध्ये घालतात, आणि घाटातला दगड घाटाखालच्या टाकीला कामी यावा हा विचार मोहात पाडतो. गोड्या पाण्यात तो खरोखर काम करतो. समुद्रजलात सोडियम इतका असतो की झिओलाइटच्या जागा त्यानेच भरतात आणि अमोनियाला थारा उरत नाही. समुद्री टाकीत त्यावर विसंबून मासे सोडू नयेत.

दगड तयार झाले की जीवाणू वाढवायचे ते माशाविना. अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्यांचा नवसागर, इथे उपयोगी पडतो, मात्र तो प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा. बाजारातल्या वडीत काय मिसळलेले असेल याची खात्री नसते. २६० लिटरांत सुमारे १.६ ग्रॅम टाकले की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. सोबत बाटलीतले जीवाणू टाकावेत, किंवा ओळखीच्या निरोगी समुद्री टाकीतली मूठभर वाळू. दोन दिवसांआड अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासत राहायचे. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य दिसला, की बैठक जमली. याला चार ते सहा आठवडे लागतात.

आता यंत्रे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी दिसे तो वाळूखालचा जाळीदार फिल्टर समुद्री टाकीतही अमोनिया पचवतो, पण वाळूत अडकलेली घाण तिथेच कुजते आणि वर्षभरात नायट्रेट इतका चढतो की टाकी उपसून धुवावी लागते. प्लॅस्टिकच्या काटेरी चेंडूंवरून पाणी ठिबकवणारा फिल्टर एकेकाळी सर्वोत्तम मानला जाई. ऑक्सिजन भरपूर मिळत असल्याने तो अमोनिया झपाट्याने पचवतो, पण नायट्रेटपाशी थांबतो. केवळ मासे ठेवणाऱ्याला तो आजही चालण्यासारखा आहे. बंद डब्याचा कॅनिस्टर दिसायला नीटस, आवाज नाही, गळती नाही, म्हणून दुकानात तोच पुढे केला जातो. जिथे वीज जाते तिथे तो मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. प्रवाह थांबला की डब्यातला ऑक्सिजन जीवाणू काही तासांत संपवतात, मग तेच मरून कुजू लागतात, आणि वीज आल्यावर ते काळे पाणी थेट टाकीत येते. कॅनिस्टर असेलच तर दोन-तीन तासांहून मोठ्या खंडानंतर तो उघडून आतले पाणी फेकल्याशिवाय चालू करू नये.

या भागासाठी माझी पसंती साध्या उघड्या संपला आहे. टाकीच्या वरच्या काठावरून पाणी खाली उतरते, जाड कापडाच्या पिशवीतून गाळले जाते, स्किमरमधून जाते, दगड आणि सिरॅमिकवरून वाहते आणि पंपाने परत वर चढते. वीज गेली तरी संपच्या पाण्याचा हवेशी संबंध राहतो. संप आखताना एकच हिशेब चुकवायचा नाही. पंप थांबल्यावर वरून जितके पाणी उतरेल तितकी जागा खाली मोकळी हवी, आणि परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत छोटे भोक हवे, म्हणजे नळी उलटी ओढू लागली तरी तिच्यात हवा शिरून पाणी तुटते. तासाला हजार-बाराशे लिटर वर पोचवणारा पंप पुरे. कापडी पिशवी तीन-चार दिवसांनी धुवावी. न धुतलेली पिशवी म्हणजे संपात ठेवलेली कुजकी घाणच.

प्रोटीन स्किमर मात्र समुद्री टाकीची खरी जमा. पावसाळ्यात अलिबागच्या वाळूवर लाटा जो फेस टाकून जातात, तसाच फेस हे यंत्र नळकांड्यात तयार करते. खाद्य आणि श्लेष्मातले सेंद्रिय रेणू एका टोकाने पाण्याला आणि दुसऱ्या टोकाने हवेला धरतात, म्हणून ते बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि वाटीत तपकिरी द्रव होऊन साठतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे हे तंत्र गोड्या पाण्यात नीट चालत नाही. जीवाणूंवर चालणारे सगळे फिल्टर घाण कुजल्यावर तिच्यावर काम करतात. स्किमर ती कुजण्याआधी बाहेर काढतो, आणि सोबत पाण्यात हवा मिसळतो. उष्ण प्रदेशात हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर यावर करावेत.

उरलेल्या नायट्रेटसाठी संपच्या एका कप्प्यात दिवा लावून कीटोमॉर्फा हे केसाळ शैवाल वाढवावे आणि महिन्यातून मूठ-दोन मूठ उपटून टाकावे. जाड वाळूचा थरही नायट्रेट मोडतो, पण दहा सेंटीमीटरहून जाड थर नवशिक्याने ढवळला तर सडलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मी पातळ थर सुचवीन. कार्बन महिन्याला काही दिवस, पाणी पिवळसर दिसले की. अतिनील दिवा, ओझोन, गोळ्यांचे फिरते नळकांडे या गोष्टी दोन मासे आणि चार दगडांच्या टाकीला लागत नाहीत.

विजेचा हिशेब आधी खर्चाचा. परतीचा पंप २० वॅट, स्किमर १२, आत पाणी हलवणारा पंखा १० असे धरले तर दिवसाला एक युनिट. पण प्रश्न खंडाचा आहे. पावसाळ्यात झाड पडले, तार तुटली, की वाडीची वीज तासन् तास येत नाही. घरभर चालणारा इन्व्हर्टर परवडला नाही तरी बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप सुरू होणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून असावा. बुडबुड्यांचा एक दगड टाकीत आणि एक संपमध्ये सोडला की मासे आणि जीवाणू दोघांचा श्वास चालू राहतो. खंड पडलेल्या दिवशी खाद्य घालू नये.

आणि उन्हाळा. कर्जत मे महिन्यात चाळिशी गाठते. समुद्री टाकी २५ ते २७ अंशांवर असावी, तिशीपुढे धोका वाढत जातो. पाणी तापते, ऑक्सिजन घटतो, आणि नेमक्या त्याच वेळी मासे आणि जीवाणू दोघेही तो जास्त ओढतात. चिलर खात्रीचा, पण त्याची वीज इतर सगळ्या यंत्रांहून जास्त. त्याआधी पंखा पाहावा. एक लिटर पाणी उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. दिवसाला चार लिटर उडाले तर चोवीस तास चालणाऱ्या सुमारे एकशे दहा वॅटच्या हीटरला तोडीस तोड उष्णता बाहेर पडते, म्हणजे पंपांची सगळी ऊब आणि वर आणखी. फक्त उडालेले पाणी रोज गोड्या पाण्यानेच भरायचे, कारण क्षार मागे राहतो. हवा दमट असताना पंखा निकामी होतो, पण दमट पावसाळ्यात तसे तापमान चढत नाही. अडचणीचे तेवढे मे अखेरीचे दिवस. पत्र्याच्या छपराखाली टाकी ठेवूच नये. कुडाच्या किंवा मातीच्या जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली दोन-तीन अंश थंड राहते. सारवलेल्या जमिनीवर मात्र तीनेकशे किलोंचे ओझे एका बाजूला खचते आणि काच तडकते, म्हणून तिथे आधी सिमेंटचा सपाट चौथरा घालून घ्यावा.

मासे किती, हे फिल्टर ठरवतो. वर सांगितलेल्या मांडणीला क्लाउनफिशची एक जोडी आणि एक-दोन लहान गोबी पुरेत. क्लाउनफिश समुद्रातून पकडलेले घेण्याचे आता कारण उरलेले नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या बीजोत्पादनाचे तंत्र बसवले आहे, आणि आपल्या राज्यात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली. टाकीत वाढलेला मासा तयार खाद्य खातो, रोग कमी आणतो, आणि फिल्टरवरचा भारही अंदाजात राहतो.

कामाचे वेळापत्रक पावसाला बांधून घ्यावे. सिमेंटचे दगड एप्रिलमध्ये घालून ठेवायचे, म्हणजे ते भिजवायला आणि धुवायला जूनच्या सुरुवातीचे, साठवायला नको असलेले छपराचे पाणी वापरता येते. जून अखेरीस साठवणीच्या टाक्या भरतात. जुलैच्या मध्यावर, दगडांचा पीएच उतरल्यावर, क्षार मिसळून टाकी चालू करायची आणि अमोनिया घालायला सुरुवात करायची. वीज सगळ्यांत जास्त जाते ते हेच आठवडे, आणि त्या काळात टाकीत फक्त जीवाणू असतात. संप ओसंडतो का, नळी उलटी ओढते का, एअर पंप खरोखर आपोआप सुरू होतो का, हे कुठलाही मासा पणाला न लावता कळते. सप्टेंबरात पहिली जोडी सोडावी, गोबी दिवाळीनंतर. एप्रिलची तलखी सुरू होईपर्यंत त्या टाकीतल्या जीवाणूंनी आठ-नऊ महिने काढलेले असतात.